मागच्या रांगेतून माइकपाशी

नवरात्रीत आमच्या साउंडच्या टेबलाशी दर दहा मिनिटांनी कुणीतरी येतं आणि बेस वाढवायला सांगतं. छातीत धडधडलं पाहिजे, पायाखालची जमीन हलली पाहिजे, एवढीच अपेक्षा. मी बारडोलीचा. आजोबा खानदेशातून उसाच्या कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. बाबांचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. सुट्टीत घरी गेलो की मिक्सरवर बसायचं काम माझं. त्यामुळे बेस वाढवायला मला फक्त एक बटण फिरवावं लागतं, हे मी कबूल करतो. पण एक काळ असा होता की बेस वाढवायला बटणच नव्हतं. त्या काळात एका पोराने तो वाढवून दाखवला. त्याचं नाव जिमी ब्लँटन. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो गेला, त्याला आता आठ दशकं उलटली. जॅझ ऐकणाऱ्यांच्या जगात त्याचं नाव घेताना अजूनही लोक जरा सावरून बसतात. आपल्या मंडळात मात्र तो फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी वाद्य समजून घेऊ. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला. माणसाहून उंच, उभा धरून वाजवायचा, कधी गजाने तर कधी बोटांनी तार ओढून. त्याच्या चार तारांपैकी सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. त्या स्वराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते. म्हणजे आपल्या वर्गाच्या खोलीत ती जेमतेम मावेल. एवढी लांब लाट हवेत नीट ढकलायला लाकडी पेटी खूपच मोठी लागेल. डबल बेस कितीही मोठा दिसला तरी त्या कामासाठी तो लहानच पडतो. त्यात आपला कान खर्जाच्या बाबतीत जरा बहिरा. जेवढ्या जोरात बासरी स्वच्छ ऐकू येते, तेवढ्याच जोरातला खर्ज कानाला जाणवतही नाही.

मग तो स्वर आपल्याला कळतो कसा? तंबोरा ऐकणाऱ्यांना याचं उत्तर अर्धं ठाऊक असतं. खर्जाची तार छेडली की तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार वर येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. प्रत्येक तारेतून मूळ स्वराबरोबर असे वरचे बारीक स्वर निघतच असतात. डबल बेसचा मूळ स्वर अशक्त पोचला तरी कान या वरच्या स्वरांवरून खालचा स्वर ओळखून घेतो. पण शेजारी ढोल आणि पितळी वाद्यं दणदणत असली तर हे बारीक स्वरच आधी बुडतात. बेस वाजवणारा घाम गाळतो आणि ऐकणाऱ्याला नुसती अंधुक धपधप जाणवते.

म्हणूनच जॅझच्या सुरुवातीच्या काळात पुष्कळ बँडांमध्ये डबल बेसच्या जागी ट्युबा नावाचं अजस्र पितळी वाद्य असायचं. फुंकर मारली की खर्ज बाहेर. जिथे लाकडी बेस होता तिथे वादकांनी वेगळी युक्ती काढली. तार ओढून अशी सोडायची की ती मागच्या लाकडी पट्टीवर आपटून फटकन वाजेल. आवाज पोचायचा, पण पोचायचा तो फटका, स्वर नव्हे. बेसवाला उभा असायचा मागच्या रांगेत, ढोलवाल्याच्या कडेला. त्याचं काम ठेका धरायचं. त्याने काही बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. घर बांधताना पायाचा दगड जसा, तसा तो. घराला पाहिजेच, पण त्याच्याकडे बघतं कोण?

अशा काळात ५ ऑक्टोबर १९१८ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी जिमी जन्मला. आई पियानो वाजवायची आणि स्वतःचा बँड चालवायची. अमेरिकेच्या दक्षिण भागात, काळ्या माणसाला आगगाडीत, शाळेत, पाण्याच्या नळावरसुद्धा वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांच्या दिवसांत, एका काळ्या बाईने बँड चालवणं ही गोष्ट साधी नव्हती. पोराच्या हातात आधी व्हायोलिन आलं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, म्हणून लक्षात ठेवा. व्हायोलिन हे वाद्यवृंदातलं बोलकं वाद्य. ज्याची बोटं आधी व्हायोलिनवर घडली, त्याला गाणं म्हणायची सवय लागते.

पुढे तो नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट कॉलेजात शिकायला गेला आणि तिथे डबल बेसकडे वळला. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मारेबल या बँडमास्तराच्या हाताखाली काम करायचा. या बोटी म्हणजे तरंगते नाचघर. मारेबलच्या बँडला संगीतकार मंडळी शाळाच मानायची. लुई आर्मस्ट्राँगसुद्धा याच बोटींवर तयार झालेला. कॉलेज अर्धवट सोडून जिमी सेंट लुईस शहरात आला आणि १९३७ च्या सुमारास जेटर-पिलर्स नावाच्या बँडमध्ये रुजू झाला. पगार मिळत होता, पोट भरत होतं. बाकी बेसवाल्यांसारखाच तो मागे उभा राहायचा. फरक एवढाच, की काम संपल्यावर रात्री उशिरा छोट्या क्लबांमध्ये जाऊन तो आपल्या मनासारखं वाजवायचा.

१९३९ च्या शरदात ड्यूक एलिंग्टनचा बँड सेंट लुईसला आला. एलिंग्टन तेव्हा चाळिशीचा. अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या वाद्यवृंदांपैकी एक त्याचा. असं सांगतात, की त्याच्या साथीदारांनी एका रात्री जिमीला एका क्लबात ऐकलं, धावत हॉटेलवर आले आणि ड्यूकला बिछान्यातून उठवून तिथे घेऊन गेले. कथेत थोडं मीठमसाला असेलही. पण परिणाम खरा आहे. जिमीला नुकती एकवीस वर्षं पूर्ण झाली होती आणि तो देशातल्या सर्वोत्तम बँडमध्ये गेला.

मजा अशी, की त्या बँडमध्ये बेस वाजवायला बिली टेलर हा चांगला अनुभवी वादक आधीच होता. ड्यूकने त्याला काढलं नाही. काही आठवडे दोन बेस शेजारी शेजारी वाजत राहिले. जानेवारी १९४० मध्ये बॉस्टनच्या मुक्कामात टेलर स्वतःच बँड सोडून गेला. या पोराच्या शेजारी उभं राहून आपलीच शोभा होतेय, असं त्याला वाटलं म्हणतात. मला या प्रसंगात जिमीइतकाच टेलरही आवडतो. समोरचा आपल्यापेक्षा पुढे आहे हे ओळखायलाही कान लागतो.

असं काय वाजवत होता हा मुलगा? एक तर त्याने तो फटक्याचा मार्ग सोडला. तार आपटण्याऐवजी तो ती भरभक्कम बोटाने ओढायचा आणि स्वर पूर्ण लांबीचा वाजू द्यायचा. प्रत्येक स्वर गोल, सुरात, मध्यभागी. दुसरं, तो ठेक्याच्या चार ठोक्यांत नुसता चालत नव्हता. मधेच वळायचा, वर चढायचा, सनईवाल्यासारखा तान घेऊन परत समेवर यायचा. गजानेही वाजवायचा. पायाच्या दगडाला अचानक वाचा फुटावी, तसं काहीतरी.

आणि इथे ड्यूकने ती गोष्ट केली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. त्याने जिमीला मागच्या रांगेतून उचलून पुढे आणलं. आपल्या पियानोजवळ, माइकच्या जवळ. त्या काळी स्टेजवर माइक असायचा तो गाणाऱ्यासाठी आणि एकल वाजवणाऱ्यासाठी. तुतारीवाल्याची पाळी आली की तो उठून माइकपाशी येई आणि परत जागेवर जाऊन बसे. बेसवाल्याची पाळी येतच नसे. ड्यूकने ठरवलं, याची पाळी कायमचीच. हा बँडचा निम्मा आवाज आहे, मग तो लोकांच्या बाजूला का नको?

ध्वनिमुद्रणातही तेच. २२ नोव्हेंबर १९३९ रोजी, म्हणजे जिमीला बँडमध्ये येऊन काही आठवडेच झाले होते तेव्हा, शिकागोत ड्यूकने फक्त पियानो आणि बेस अशी दोन मुद्रणं केली. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला आणखी चार. बाकी बँड घरी. तीन मिनिटांच्या महागड्या तबकडीत बेसला बरोबरीची खुर्ची द्यायची, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं. मार्च १९४० मध्ये ‘जॅक द बेअर’ मुद्रित झालं. त्याची सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे बेस बोलतो, मधे पंधरा-सोळा माणसांचा बँड. त्याच दिवशी झालेल्या ‘को-को’ मध्येही बँड थांबतो, बेसला दोन पावलं एकट्याला टाकू देतो, परत कोसळतो. थांबण्याची ही जागा संगीत रचणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली आहे. आवाज मोठा करायचा एक मार्ग म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसणं. वीज न लागणारा ॲम्प्लिफायरच म्हणा ना.

आता जरा आमच्याकडे येतो, कारण वर्षं जवळजवळ तीच आहेत. १९२८ मध्ये बारडोलीत सारावाढीविरुद्ध सत्याग्रह झाला आणि वल्लभभाई सरदार झाले, हे आपण शाळेत शिकलो. त्या वेळी तालुक्याच्या गावागावांत निरोप पोचला तो छापील पत्रिकांतून, भजनांतून आणि उघड्या गळ्याने केलेल्या भाषणांतून. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, बारडोलीपासून तेरा-एक किलोमीटरवरच्या हरिपुरा गावी तापीच्या काठी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुभाषबाबू अध्यक्ष. एकावन्न बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली, तिचं वर्णन अजून आमच्याकडची म्हातारी माणसं ऐकीव आठवणींतून रंगवून सांगतात. तोवर काँग्रेसच्या मोठ्या सभांना माइक आणि भोंगे आले होते. सिंधहून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या कंपनीचं नाव त्या काळच्या पुढाऱ्यांच्या फोटोंत माइकवर सहज वाचता येतं. आमच्या धंद्याचे हे मूळ पुरुष. बाबा त्यांचं नाव आदराने घेतात.

याच हरिपुऱ्यात एक मराठी गायक शेवटचा राहिला. पंडित नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, गांधीजींच्या आश्रमात प्रार्थनेचं संगीत सांभाळणारे, दांडीच्या पदयात्रेत चाललेले. अधिवेशनाच्या संगीताच्या तयारीसाठी ते इथे आले आणि अधिवेशन भरण्याआधीच, त्याच फेब्रुवारीत, इथेच वारले. आयुष्यभर त्यांनी गर्दीला गायला लावलं. एका गळ्याचा आवाज पुरत नाही तेव्हा सगळ्या गळ्यांना एक सूर द्यायचा, हा त्यांचा उपाय. ड्यूकचा उपाय वेगळा होता. पण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: मोठ्या गर्दीत हळुवार स्वर शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा कसा?

जिमीचा स्वर कसा पोचत होता, याचा एक पुरावा योगायोगाने हाती राहिला आहे. ७ नोव्हेंबर १९४० ची रात्र. नॉर्थ डकोटा राज्यातलं फार्गो गाव. क्रिस्टल बॉलरूम नावाच्या नाचघरात ड्यूकचा बँड. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस हे दोन तरुण परवानगी काढून आपलं तबकडी कोरायचं यंत्र घेऊन गेले आणि रात्रभराचा कार्यक्रम त्यांनी टिपून घेतला. स्टुडिओ नाही, निवांतपणा नाही. लोक नाचतायत, बोलतायत, पायांचा आवाज येतोय. आणि त्या गदारोळातून जिमीचा बेस स्पष्ट ऐकू येतो. हौसेखातर केलेलं हे मुद्रण पुढे कित्येक वर्षांनी रीतसर प्रसिद्ध झालं आणि १९८० मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तबकडी कोरणाऱ्या त्या दोघांचे मी साउंडवाला म्हणून विशेष आभार मानतो. स्टेजवरच्या माणसाला लोक लक्षात ठेवतात, वायर टाकणाऱ्याला नाही.

आज हेच काम कसं करतात ते सांगतो, म्हणजे तेव्हाच्या गोष्टीची किंमत कळेल. मागच्या डिसेंबरात बारडोलीत नाताळच्या एका कार्यक्रमाचं साउंड आमच्याकडे होतं. माझा वसईचा वर्गमित्र चर्चच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवतो. तोही त्या मंडळींबरोबर आला होता. वाद्य टेम्पोतून गाद्यांमध्ये गुंडाळून आणलेलं, एखादा आजारी माणूस आणावा तसं. आम्ही आधी वाद्याच्या पोटावरच्या भोकासमोर माइक लावून पाहिला. लाकडाचा खरा, ऊबदार आवाज आला, पण त्याबरोबर शेजारचे ड्रमही आत आले. आवाज वाढवला तर स्पीकरच्या लाटेने वाद्याची पेटी स्वतःच घुमायला लागली. गाणाऱ्याचा माइक शिट्टी मारतो, बेसचा माइक हंबरतो. ते हंबरणं सुरू झालं की सगळा हॉल गोठ्यासारखा वाटतो.

दुसरा उपाय पिकअपचा. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या पायाशी एक चिमुकली चकती बसवतात. ती हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर ओळखते. ड्रम आत येत नाहीत, घुमणंही कमी. पण आवाज कसा, तर रबर ताणून सोडल्यासारखा. शिवाय या चकतीची वायर सरळ मिक्सरला जोडली तर खालचे स्वर पातळ होतात, मधे प्रीॲम्प लागतो. शेवटी दोन्ही वापरलं. खालचा भाग पिकअपकडून घेतला, लाकडाचा श्वास माइककडून. माइकमधला अगदी खालचा भाग कापून टाकला. दोघांचा मेळ बसेना तेव्हा एकाची दिशा बटणाने उलटी केली आणि एकदम आवाजात मांस भरलं. वाद्याच्या भोकांत थोडा स्पंज कोंबला, घुमणं आणखी उतरलं.

पण खरा फरक पडला तो या सगळ्याच्या आधी. मंडळींनी मित्राला सवयीप्रमाणे मागे, ड्रमच्या कुशीत उभं केलं होतं. बाबांनी स्टेजकडे एकदा पाहिलं आणि त्याला पुढे, पियानोशेजारी आणायला सांगितलं. बाबांना जिमी ब्लँटन माहीत नाही. त्यांचं शिक्षण कीर्तनाच्या मांडवातलं. तिथे पखवाजवाला बुवांच्या बगलेत उभा असतो, कारण बुवांना तो आणि त्याला बुवा ऐकू यायला हवेत. जे वाद्य सगळ्यांना धरून ठेवतं ते सगळ्यांना ऐकू येईल अशा जागी हवं, हा त्यांचा साधा हिशोब. ड्यूकचा हिशोब याहून काही वेगळा असेल असं मला वाटत नाही. माझ्या मित्राने त्या रात्री फार सुंदर वाजवलं. यंत्रामुळे तर होतंच, पण आपण ऐकले जातोय हे कळल्यावर माणूस वेगळा वाजवतो, हेही मी त्या रात्री पाहिलं.

जिमीला मात्र ते फार दिवस लाभलं नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात बँड लॉस एंजेलिसमध्ये होता. ‘जंप फॉर जॉय’ नावाची संगीतिका ड्यूक तिथे करत होता. काळ्या कलावंतांना विदूषक आणि नोकर म्हणून दाखवायची जुनी चाल मोडायची, हा तिचा उद्देश. ती सुमारे अकरा आठवडे चालली. त्याच वर्षाच्या अखेरीस जिमीला क्षयरोग झाल्याचं निघालं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. म्हणजे जिमीच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. तोवर उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, चांगलं खाणं आणि नशीब. मिरजेच्या किंवा पाचगणीच्या जुन्या आरोग्यधामांबद्दल ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय त्यांना हे चित्र नवं नाही. ड्यूकने डॉक्टर पाहिले, इस्पितळात सोय केली. पण बँडची गाडी थांबवता येत नाही. पुढच्या गावाची तारीख ठरलेली असते. बँड पुढे गेला. जिमीच्या जागी ज्युनिअर रॅगलिन आला.

ज्याला मागच्या रांगेतून इतक्या प्रेमाने पुढे आणलं होतं, तो आता लॉस एंजेलिसजवळच्या एका आरोग्यधामात, सोबत्यांपासून शेकडो मैलांवर पडून होता. त्याच्या फुप्फुसांतून श्वास कमी होत होता आणि देशभरच्या रेडिओंवर त्याच्या तबकड्या वाजत होत्या. ३० जुलै १९४२ रोजी तो गेला. तेवीस वर्षं पूर्ण होती, चोवीस ऑक्टोबरात पूर्ण झाली असती. ड्यूकबरोबरची त्याची सगळी कारकीर्द दोन-सव्वादोन वर्षांची. आपल्याकडे पदवीसुद्धा एवढ्यात होत नाही.

यंत्रं नंतर आली. १९४६ मध्ये एव्हरेट हल नावाच्या बेस वाजवणाऱ्या माणसाने स्टॅनली मायकेल या तंत्रज्ञाबरोबर धंदा सुरू केला. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीवर टेकतो, त्या खुंटीवर वाद्याच्या पोटात माइक बसवायची युक्ती त्यांची. खुंटीला इंग्रजीत पेग म्हणतात, त्यावरून ॲम्पेग हे नाव पडलं. आज कुठल्याही बेसवाल्याला ते माहीत असतं. १९५१ मध्ये लिओ फेंडरने गिटारसारखा गळ्यात अडकवायचा विजेचा बेस बाजारात आणला. लाकडी पेटीचा प्रश्नच संपला, कारण पेटीच राहिली नाही. नवरात्रीत माझ्याकडे ज्या बेसची मागणी होते तो या वंशातला.

पण मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी यंत्र आलं आणि मग बेसवाला बोलायला लागला, असं झालेलं नाही. आधी एका पोराने ऐकण्यासारखं काही वाजवलं. मग एका जाणत्या माणसाने त्याला माइकपाशी उभं केलं. मग जगाला कळलं की या वाद्यात एवढं आहे. त्यानंतर ते मोठं करायची यंत्रं घडवायला माणसं बसली. ऑस्कर पेटिफर्ड, रे ब्राउन, चार्ल्स मिंगस हे पुढचे मोठे बेसवादक सगळे जिमीचे ऋणी. पेटिफर्ड आणि मिंगस तर पुढे ड्यूकच्या बँडमध्येही वाजवून गेले, मिंगस जरा भांडून. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत ज्या गोवेकर वादकांनी डबल बेस धरला, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेल्या त्या माणसांच्या कानावरही अमेरिकेच्या या तबकड्या पडतच होत्या. जुन्या हिंदी गाण्यात नायिकेच्या आवाजाखाली जो मऊ खर्ज चालत असतो, तिथे कुणीतरी असाच मागे उभा आहे. श्रेयनामावलीत त्याचं नाव बहुधा सापडायचं नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये ड्यूक एलिंग्टन पुन्हा एकदा फक्त पियानो आणि बेस असं मुद्रण करायला बसला. वय त्र्याहत्तर. समोर बेस घेऊन रे ब्राउन. त्या दोघांनी जिमीच्या वेळची गाणी परत वाजवली आणि ती तबकडी ब्लँटनच्या नावाने अर्पण केली. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाची जागा अशी राखून ठेवणारा म्हातारा पुढे दीड वर्षाने, मे १९७४ मध्ये, स्वतःही गेला.

मंडळातल्या मित्रमैत्रिणींना शेवटी एक काम सांगतो. आज ‘जॅक द बेअर’ शोधा. तीन-सव्वातीन मिनिटांचं आहे, बसची वाट बघताना होईल. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. त्या नखाएवढ्या स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत. जिमी परत मागच्या रांगेत जाईल आणि तुम्हाला नुसती पितळी वाद्यं ऐकू येतील. कानात नीट इअरफोन घाला. पहिल्या काही सेकंदांत जो बोलतो, तो तोच.